गुऱ्हाळाच्या चुलाणावर स्टर्लिंग इंजिन: हीटर, रिजनरेटर, कूलर किती मोठे ठेवावेत?

चिपाड
मंडळी, गुऱ्हाळाच्या चुलाणातली थोडी उष्णता वळवून एक छोटं स्टर्लिंग इंजिन (आत कोंडलेली हवा आळीपाळीने तापवून-थंड करून चालणारं) चालवायचं आहे. अपेक्षा फार नाही: चुलाणात हवा फुंकणारा पंखा आणि चार एलईडी दिवे.

कच्चा आराखडा असा:
अल्फा प्रकार, दोन सिलिंडर ९० अंशांत. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५० मिमी. आत साधी हवा, सरासरी दाब ५ बार, वेग मिनिटाला ६०० फेरे. हीटरच्या नळ्या ६५० अंशांपर्यंत तापतील असं धरलंय. पाणी विहिरीचं.
हीटर: ३०४ स्टेनलेसच्या ६ नळ्या, आतला व्यास १० मिमी, लांबी ४०० मिमी.
रिजनरेटर (गरम बाजूकडून जाणाऱ्या हवेची उष्णता धरून परतताना तिलाच देणारा): ४५ मिमी व्यासाच्या, ४० मिमी लांब डब्यात भांडी घासायची स्टीलची घासणी ठासून.
कूलर: थंड सिलिंडरभोवती पाण्याचं जॅकेट.

धूर जिथून धुराड्यात शिरतो तिथे हीटर बसवायचा विचार आहे. यात काय चुकतंय?

नटबोल्ट
घासणी घरातून घेणार असाल तर आधी परवानगी काढा. बाकी चालू द्या, वाचतोय.

मायक्रोमीटर
५ बार गेज (वातावरणाचा दाब वगळून) की तो धरून, अ‍ॅब्सोल्यूट?

चिपाड
अ‍ॅब्सोल्यूट.

मायक्रोमीटर
ठीक. मग आधी अपेक्षा जमिनीवर आणू. स्टर्लिंग इंजिन किती वॅट देईल याचं बीलचं ढोबळ सूत्र: वॅट = ०.०१५ × दाब (बार) × आवर्तनं (सेकंदाला) × पिस्टन हलवतो तेवढी जागा (घनसेमी). तुमच्या सिलिंडरची जागा १४१ घनसेमी. ०.०१५ × ५ × १० × १४१ म्हणजे साधारण १०६ वॅट. हा आकडा नीट बनवलेल्या इंजिनाचा. पहिल्याच प्रयत्नात याच्या निम्मे मिळाले तरी पेढे वाटा. पंखा आणि दिव्यांना तेवढे पुरतील.

आता चूक. ६ नळ्या × ०.७८५ चौसेमी × ४० सेमी = १८८ घनसेमी. पिस्टनने हलणारी जागा १४१, आणि एकट्या हीटरच्या पोटात १८८! ही 'डेड व्हॉल्यूम'. तिथली हवा दाबली जाते, फुगते, पण पिस्टनला कधीच भेटत नाही. डेड व्हॉल्यूम वाढली की दाबाचा चढउतार मरतो, आणि चढउतार मेला की काम मेलं. तिन्ही एक्स्चेंजर (हीटर, रिजनरेटर, कूलर) आणि जोडाच्या जागा मिळून १५० घनसेमीच्या आसपास राहायला हव्यात. तुमचा हीटर एकटाच तो कोटा खाऊन वर ढेकर देतोय.

चिपाड
पण नळ्या कमी किंवा बारीक केल्या तर तापणारा पृष्ठभाग कमी होणार ना? म्हणूनच मोठ्या घेतल्या.

मायक्रोमीटर
इथेच बहुतेकांची गल्लत होते. नळीचा पृष्ठभाग भागिले आकारमान = ४ भागिले व्यास. १० मिमीच्या नळीत दर घनसेमीला ४ चौसेमी भिंत मिळते, ४ मिमीच्या नळीत १०.

तुलना करा. आतला व्यास ४ मिमी, लांबी २०० मिमी, अशा २० नळ्या घ्या. भिंत ५०३ चौसेमी, पोट ५० घनसेमी. तुमच्या नळ्यांची भिंत ७५४ चौसेमी, म्हणजे दीडपट. पण बारीक नळीत हवा जोरात जाते आणि भिंतीला जवळ असते, त्यामुळे उष्णता घेण्याचा गुणांक माझ्या हिशोबाने चौरस मीटरला १४० वॅट प्रतिअंशच्या आसपास येतो. तुमच्या जाड नळ्यांत ७० च्या खाली. गुणाकार केला तर बारीक नळ्या दर अंशाला ७ वॅट देतात, जाड नळ्या ५. म्हणजे जवळपास चौपट डेड व्हॉल्यूम देऊन उष्णता कमीच घेतलीत.

हीटरमधून साधारण ७०० वॅट जायला हवेत (का ते खाली कोणी रिजनरेटरवर लिहिलं की कळेलच). ७ वॅट प्रतिअंश म्हणजे आतली हवा नळीच्या भिंतीपेक्षा १०० अंशांनी थंड राहणार. नळी ६५० म्हणजे गॅस ५५०. गणितात ६५० घालणारे सगळे इथे फसतात.

धुराडं
मायक्रोमीटर आतल्या बाजूचं बोलले, मी बाहेरची बाजू घेतो, कारण लाकूडफाटा-चिपाडावरची इंजिनं बाहेरूनच मरतात.

धुराकडून नळीकडे उष्णता जाण्याचा गुणांक आतल्यापेक्षाही कमी असतो. चौरस मीटरला ५० वॅट प्रतिअंश धरा. २० नळ्या, बाहेरचा व्यास ६ मिमी, लांबी २०० मिमी: ७५० चौसेमी. म्हणजे दर अंशाला पावणेचार वॅट. ७०० वॅट ओढायला धूर नळीपेक्षा जवळपास १९० अंशांनी गरम हवा. नळी ६५० वर ठेवायची तर भोवतीचा जाळ साडेआठशेच्या आसपास. काहिलीखालून जाऊन धुराड्याच्या तोंडाशी आलेल्या धुरात ही धमक नसते. जागा बदला. काहिलीच्या आधी, जाळाच्या पट्ट्यात, चुलाणाच्या बाजूच्या भिंतीतून नळ्या आत घाला.

उष्णता पळवली म्हणून गुळव्या ओरडेल ही भीती नको. तासाला शंभर किलो पूर्ण सुकलेलं चिपाड जाळणं म्हणजे चारशे किलोवॅटच्या वर. त्यातला पाऊण किलोवॅट गेला तर पाकाला कळणारही नाही. उलट फायदाच आहे. एरवी स्टर्लिंगच्या हीटरवरून धूर ६५० च्या वर तापमानाने बाहेर पडतो, म्हणून येणारी हवा तापवायला वेगळा प्रीहीटर लावावा लागतो, नाहीतर अर्ध्याहून जास्त सरपण वाया. इथे उरलेला धूर काहिलीखाली जातो. एक अख्खा एक्स्चेंजर वाचला.

आता राख. चिपाडाची राख तुलनेने सोसते. पाचटात पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त, त्याची राख लवकर मऊ होते आणि नळीला चिकटते. एकदा काचेसारखा थर बसला की तो घासून निघत नाही, आणि खाली क्लोरीन स्टील खात राहतं. भाताचा भुसा उलटा: राख भरपूर, वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी, पण जवळजवळ सगळी सिलिका. ती चिकटत कमी, खरवडते जास्त. म्हणून तुमच्या चुलाणात पाचट टाकू नका, निदान हीटरच्या पुढ्यात तरी नको. दोन नळ्यांत किमान ८ ते १० मिमी फट ठेवा आणि समोर ब्रश घालायला झाकणाचं भोक ठेवा. नळ्यांना बाहेरून फिन (पृष्ठभाग वाढवणाऱ्या पातळ पत्र्याच्या चकत्या) लावायचा मोह टाळा. गॅसच्या स्वच्छ ज्योतीवर त्या ठीक, चुलाणात आठवड्यात बुजतात.

लोखंडी_कढई
एवढा खटाटोप करण्यापेक्षा काहिलीच्या कडेला थर्मोइलेक्ट्रिक (उष्णतेतून थेट वीज देणाऱ्या) पट्ट्या चिकटवा की. हलणारा भागच नाही.

धुराडं
चिकटवा. मग त्यांच्या दुसऱ्या बाजूला कूलर लागेल, जो इंजिनाच्या कूलरपेक्षा मोठा असेल, कारण कार्यक्षमता पाच टक्क्यांच्या आसपास. आणि बाजारातल्या साध्या बिस्मथ टेल्युराइडच्या पट्ट्या २५०-३०० अंशांवर सोल्डर सोडतात. हा धागा स्टर्लिंगचा आहे भावा.

उष्मांक
रिजनरेटरवर लिहिते, कारण कोणी अजून हात घातलेला नाही आणि आराखड्यातली सर्वांत मोठी चूक तिथे आहे.

या इंजिनात दर फेऱ्याला साधारण अर्धा ग्रॅम हवा रिजनरेटरमधून गरमकडून थंडकडे आणि परत जाते. ०.५ ग्रॅम × १ ज्यूल × ६०० अंश = ३०० ज्यूल. सेकंदाला १० फेरे, म्हणजे ३ किलोवॅट. १०० वॅटच्या इंजिनात रिजनरेटर ३००० वॅट घेतो आणि परत देतो. हीटरच्या चौपट काम तो करतो आणि आराखड्यात त्याच्या वाट्याला घासणी येते.

आता हिशोब बघा. रिजनरेटर ९० टक्के चांगला असेल तर १० टक्के, म्हणजे ३०० वॅट, दर सेकंदाला हीटरने नव्याने भरायचे आणि कूलरने फेकायचे. ९८ टक्के असेल तर फक्त ६०. रिजनरेटर काढूनच टाकला तर ३००० वॅटचा हीटर लागेल, जो तुमच्याकडे नाही. म्हणजे गॅस तापणारच नाही आणि इंजिन फिरणारच नाही. रॉबर्ट स्टर्लिंगच्या १८१६ च्या पेटंटचा गाभा हाच होता, त्याला तो 'इकॉनॉमायझर' म्हणायचा. इंजिन त्या मानाने दुय्यम.

घासणीऐवजी विणलेली जाळी घ्या. ३०४ ची, १०० मेश (इंचाला १०० भोकं), तार ०.१ मिमी. चकत्या कापून एकावर एक रचायच्या. रिकामी जागा किती याचं सोपं सूत्र: १ − ०.७८५ × (दर मिमीला तारा) × तारेचा व्यास. १ − ०.७८५ × ३.९४ × ०.१ = ६९ टक्के. एका चकतीची जाडी तारेच्या दुप्पट, ०.२ मिमी. तुमच्या ४० मिमी डब्यात २०० चकत्या.

जुनी_लेथ
थोडा विरोध नोंदवतो. छोट्या मॉडेल इंजिनात स्टेनलेसची घासणी लोक सर्रास वापरतात आणि ती चालतात. २०० चकत्या कापण्याचा धंदा परवडणारा नाही. शिवाय ती जाळी चौकोनी तुकड्यात येते, गोल कापताना तिसरा हिस्सा भंगारात.

उष्मांक
चालतात, कारण मॉडेलला फक्त फिरायचं असतं, पंखा ओढायचा नसतो. घासणीचे तीन दोष:

एक, ती चपट्या फितीची असते. ठासली तरी नव्वद टक्के पोकळ राहते आणि मध्ये बोगदे पडतात. हवा बोगद्यातून पळते, बाकीची घासणी बघत बसते.
दोन, तुकडे सुटतात. दोन्ही टोकांना बारीक जाळी लावली नाही तर ते सिलिंडरमध्ये जाऊन रिंग आणि भिंत ओरखडतात.
तीन, दुकानदार स्टेनलेस म्हणून साधी लोखंडी लोकर देतो. ती गरम टोकाला गंजाची भुकटी होते. चुंबक सांगेलच असं नाही, ताणलेलं ३०४ सुद्धा थोडं चिकटतं. बर्नरवर लाल करून बघा: लोकर ठिणग्या देऊन जळते, स्टेनलेस नुसतं काळं पडतं.

चकत्यांसाठी पंच-डाय करा, एकदाच. चकती डब्याच्या आतल्या व्यासापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी मोठी कापा. हे महत्त्वाचं. कडेला केसाएवढी फट राहिली तरी हवा सगळा गठ्ठा सोडून तिथून जाते. पंच केलेल्या कडेची सुटी टोकं चकती बसवण्याआधी ब्रशने झाडा, अल्ट्रासॉनिक बाथ मिळाला तर उत्तम. चकत्या एकाच दिशेत रचू नका, प्रत्येक थोडी फिरवून ठेवा.

मायक्रोमीटर
उष्मांक, बाकी मान्य, पण ४५ × ४० चा डबा तसाच ठेवलात? दाबाचा हिशोब मांडा. तोंडाचं क्षेत्र १६ चौसेमी. सेकंदाला सरासरी १० ग्रॅम हवा. जाळीच्या भोकांचा हायड्रॉलिक व्यास ०.२२ मिमी, रेनल्ड्स आकडा (प्रवाह किती खळबळता ते सांगणारा) ७० च्या खाली. जाळीसाठीच्या गेडियन-वुड सूत्राने घर्षणांक ३.८ येतो. दाबाची घट जवळपास ०.१ बार. त्याला प्रवाहाने गुणलं की ३४ वॅट, आणि प्रवाह साइन लाटेसारखा असल्याने खरा आकडा चाळिशीत. कागदावरच्या १०० पैकी ४० वॅट हवा ढकलण्यात गेले. तेही शाफ्टवरचे वॅट, उष्णतेचे नव्हेत!

उष्मांक
बरोबर, मी चिपाड यांचा डबा जशाचा तसा घेतला. मग आखूड आणि रुंद करू. ६० मिमी व्यास, २५ मिमी लांबी. घट ०.०३ बारच्या आत, नुकसान ९-१० वॅट. परतफेडीचा तोटा (रिजनरेटर परत देत नाही ती उष्णता) ५० वरून ६५ वॅटवर जातो, पण ते उष्णतेचे वॅट, स्वस्त.

मायक्रोमीटर
आणि डब्याची भिंत? एक टोक सहाशेच्या वर, दुसरं चाळीस, मध्ये फक्त २५ मिमी. १ मिमी जाड भिंत, घेर १८८ मिमी, स्टेनलेसची वाहकता २०. ९० वॅट नुसते पत्र्यातून वाहून जातील.

नटबोल्ट
इकडे दाबलं की तिकडे फुगतं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उष्मांक
हो ना, म्हणून तर याला डिझाइन म्हणायचं. मधला मार्ग: व्यास ५५, लांबी ३२, चकत्या १६०, मधल्या भागात भिंत कातून ०.८ मिमी. घट ०.०४५ बार, हवा ढकलण्यात १५ ते २० वॅट, भिंतीतून ५० वॅट, परतफेडीत ६० च्या आसपास. पोकळी ५२ घनसेमी. भिंत याहून पातळ करू नका, गरम टोकाला दाबही सोसायचा आहे. जाळीचं वजन १८५ ग्रॅम भरतं, आत-बाहेर जाणाऱ्या हवेच्या मानाने तिची उष्णताधारकता दीडशेपटीच्या वर, तेव्हा एका झोतात जाळीचं तापमान तीन-चार अंशच हलतं. तिथे चिंता नाही.

अजून एक. हीटरच्या २० नळ्यांतून हवा पिचकारीसारखी येते. नळीची तोंडं जाळीला टेकवलीत तर तेवढ्या २० ठिपक्यांपुरतीच जाळी काम करेल. मध्ये ३ मिमी मोकळी जागा सोडा. त्याचे ७ घनसेमी जातात, ते जाऊ द्या.

पाणबुडी
तुलनेसाठी एक प्रसिद्ध नमुना: जनरल मोटर्सने अमेरिकी लष्करासाठी केलेलं जीपीयू-३. पुढे नासाने ते चाचणीला घेतलं, त्यामुळे त्याची मापं सगळ्यांना ठाऊक आहेत. बोअर ६९.९, स्ट्रोक ३१.२, म्हणजे १२० घनसेमी, तुमच्याच पंगतीतलं. हीटरच्या ४० नळ्या, आतला व्यास ३.०२, लांबी २४५ मिमी. कूलरच्या ३१२ नळ्या, आतला व्यास १.०८ मिमी. रिजनरेटरचे ८ डबे, प्रत्येक २२.६ × २२.६ मिमी, इंचाला २०० ची जाळी, तार ०.०४, प्रत्येकात ३०८ चकत्या, एकेक ५ अंशांनी फिरवलेली.

पोकळ्या काढा: हीटर ७०, रिजनरेटर ५०, कूलर १३. बेरीज १३३, पिस्टनच्या १२० च्या जवळपास. मायक्रोमीटरांचा १५० चा कोटा हवेतून आलेला नाही. आणि एक गंमत: ३०८ चकत्या × ०.०८ = २४.६ मिमी, डबा मात्र २२.६. दाबून बसवल्या आहेत. म्हणून सूत्राने ७५ टक्के पोकळी येते, प्रत्यक्षात ६९.७.

ते इंजिन हायड्रोजन-हेलियमवर, ४०-७० बारवर चालायचं. म्हणून १ मिमीच्या नळ्या परवडतात. हवेवर तसल्या नळ्या लावल्यात तर दम कोंडेल. नक्कल करू नका, प्रमाण बघा.

लोखंडी_कढई
सदस्यनाम पाणबुडी म्हणून विचारतो, स्वीडनच्या पाणबुड्यांत हेच असतं ना?

पाणबुडी
हो. कॉकम्सने १९८८ साली 'नेकेन' या पाणबुडीत बसवलं, मग गॉटलंड वर्गात मुळापासून. डिझेल आणि द्रव ऑक्सिजन. ज्वलन भोवतीच्या समुद्रापेक्षा जास्त दाबावर होतं, त्यामुळे धूर कॉम्प्रेसरशिवाय बाहेर ढकलता येतो. शुद्ध ऑक्सिजनात ज्योत इतकी तापते की हीटर वितळेल, म्हणून थोडा धूर परत ज्योतीत फिरवतात. त्यांचा खरा चैनीचा भाग म्हणजे कूलर, बाल्टिकचं थंड पाणी फुकट. तुमच्या विहिरीची बरोबरी नाही.

शून्य_अंश
कूलरचं नाव निघालंच आहे तर. चिपाड, तुमच्या आराखड्यात कूलरच नाही. जॅकेट लावलेल्या सिलिंडरची भिंत ९४ चौसेमी, तीही पिस्टन वर असताना झाकली जाते. त्यातून ६०० वॅट काढायचे आहेत!

लोक हीटरवर महिने घालवतात आणि कूलर उरलेल्या वेळात करतात. उलटं हवं. कार्नोच्या (कमाल शक्य कार्यक्षमतेच्या) सूत्रात थंड बाजू एक अंशाने खाली आणणं हे गरम बाजू तीन अंशांनी वर नेण्याइतकं आहे (९२३ भागिले ३१३, केल्विनमध्ये). गरम बाजूचे ५० अंश मिळवायला महाग नळी लागते. थंड बाजूचे १७ अंश बहुतेकदा नुसत्या नीट कापलेल्या खाचांत मिळतात.

नळ्यांचा कूलर इथे करू नका. २ मिमीच्या १०० नळ्या, प्रत्येकी ७० मिमी, एवढं करूनही हवा पाण्यापेक्षा ८० अंशांनी गरम राहते, आणि २०० जोड गळायला मोकळे. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं कडं घ्या. साधारण ६७ मिमी व्यासावर ०.६ मिमी रुंद, ८ मिमी खोल, ५० मिमी लांब अशा १५० खाचा, मध्ये ०.८ मिमीच्या भिंती. पृष्ठभाग १२०० चौसेमी, पोकळी ३६ घनसेमी. फट बारीक असल्याने गुणांक १९० च्या आसपास, म्हणजे फरक फक्त २५-३० अंशांचा. दाबाची घट नगण्य. खाचा वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणारं यंत्र) निघतात. भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणीही करेल, फक्त चौरस मिमीवर पैसे लावतात हे लक्षात ठेवा. कडं थंड करून आणि बाहेरचं कवच तापवून घट्ट बसवा. सैल बसलं तर मध्ये हवेचा पापुद्रा राहतो आणि सगळी मेहनत वाया.

विहिरीचं पाणी जड असेल तर जॅकेटमध्ये क्षार बसतील. पाणी बंद फेऱ्यात फिरवा आणि एका पिंपातून थंड करा. ६०० वॅटला मिनिटाला एक लिटर पाणी ९ अंशांनी तापतं, तेवढा छोटा पंप पुरे.

जुनी_लेथ
घासणीवर हरलो, पण जोडकामावर बोलतो.

गरम टोकाला सिल्व्हर ब्रेझिंग करू नका. साडेसहाशे-सातशेला तो जोड पाणी होतो. टिग वेल्डिंगच. पण ६ × १ ची (बाहेरचा व्यास ६, भिंत १ मिमी) नळी १० मिमी जाड प्लेटला टिग करताना नळी वितळून जाते आणि प्लेट अजून कोमटच असते. उपाय: प्लेटवर प्रत्येक भोकाभोवती १ मिमी भिंत राहील अशी गोल खाच कातून घ्या, २ मिमी खोल. मग दोन्हीकडे सारखी जाडी आणि डाग एकसारखा बसतो. चालेल, पण वेळखाऊ.

सरळ नळ्या दोन प्लेटांमध्ये घट्ट वेल्ड करू नका. २०० मिमीची नळी ६५० ला सव्वादोन मिमी वाढते. शेजारच्या नळीवर राख आणि हिच्यावर जाळ असला की दोघींची वाढ वेगळी, आणि तडा वेल्डच्या कडेला. हेअरपिन, म्हणजे यू आकार द्या, दोन्ही टोकं एकाच प्लेटला. वाकवताना त्रिज्या १८ मिमीच्या खाली नको, आत कोरडी वाळू भरून टोकं बंद करा.

आणि ३०४ ऐवजी ३१० (जास्त तापमान सोसणारं स्टेनलेस). ५ बारला ६ × १ च्या नळीत ताण नगण्य आहे, सव्वा मेगापास्कल, त्यामुळे नळी फुगून फुटणार नाही. प्रश्न जाळात पापुद्रे निघण्याचा. फिलर पण ३१० चाच.

धुराडं
+१. हे दुखणं जुनंच. स्टर्लिंग बंधूंनी १८४३ साली डंडीच्या फाउंड्रीत मोठं इंजिन बसवलं होतं. ओतीव लोखंडाचे तापणारे तळ पुन्हा पुन्हा गेले आणि १८४७ मध्ये परत वाफ आली. कल्पना वेळेआधी आली, धातू उशिरा.

सावधपंत
सगळे कार्यक्षमतेचं बोलताहेत. ५ बार हवा + तेलाचा फवारा + ६५० अंशांची भिंत = स्फोट. क्रँककेसमध्ये तेल असेल तर आत हवा भरू नका. नायट्रोजन भरा. उष्णतेचे आकडे हवेसारखेच, वरचा एकही हिशोब बदलत नाही, आणि टायरवाल्याकडेही मिळतो. बेअरिंग सीलबंद, रिंग ग्रॅफाइट मिसळलेल्या पीटीएफईच्या (टेफ्लॉन), तेल शून्य. तेल स्फोट न करताही रिजनरेटर मारतं: गरम टोकाला कोळसा होऊन जाळी बुजवतं.

पीटीएफई साधारण २५० अंशांच्या वर टिकत नाही, म्हणून गरम पिस्टनवर ८०-१०० मिमी उंच पोकळ टोपी बसवा आणि रिंग खाली थंड भागात ठेवा.

चाचणी पाण्याने करा, हवेने कधीच नाही. फुटलं तर पाणी गळतं, हवा तुकडे फेकते. थंड स्टीलची ताकद गरमपेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून दीडपट दाबावर समाधान मानू नका, २० बारपर्यंत न्या. मग पाणी वाळवून २ बारवर साबणाच्या फेसाने गळती बघा. आणि सेफ्टी व्हॉल्व थंड बाजूला.

चिपाड
बाप रे. सगळ्यांचे आभार. नवा आराखडा:
हीटर ३१० च्या २० हेअरपिन, ६ × १, एकूण लांबी प्रत्येकी २०० (५० घनसेमी). रिजनरेटर ५५ × ३२, १०० मेश, १६० चकत्या (५२). कूलर खाचांचं कडं (३६). जोडाच्या जागा १५ मध्ये बसवतो. बेरीज १५३. जागा काहिलीच्या आधी. आत नायट्रोजन.

एक शंका: पहिल्यांदा चालवल्यावर कमी वॅट आले तर दोष कुठल्या एक्स्चेंजरचा हे कसं ओळखायचं?

उष्मांक
बांधतानाच के प्रकारचे चार थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) घाला: हीटरच्या नळीची भिंत, रिजनरेटरच्या गरम तोंडाची हवा, थंड तोंडाची हवा, कूलरनंतरची हवा. मागाहून भोक पाडता येत नाही.

रिजनरेटरचं थंड तोंड सुरुवातीपासूनच फार गरम: कडेने हवा पळतेय, चकत्या सैल. तेच तापमान दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत गेलं: भिंतीतून वहन किंवा कूलर अपुरा. नळी ६५० पण गरम तोंड ४५० च्याही खाली: आतल्या बाजूने उष्णता कमी जातेय किंवा परतफेडीचा तोटा मोठा आहे. नळीच ५०० च्या वर जात नाही: राख, धुराडं यांना विचारा.

मायक्रोमीटर
सगळी तापमानं ठीक, पण हाताने फिरवताना थंड इंजिन एका वेगाच्या वर जड लागतं: जाळी किंवा जोडातली कोंडी. आणि सावकाश फिरवूनही दाब टिकत नसेल तर गळती. एक्स्चेंजरना उगाच शिव्या नकोत.

शून्य_अंश
थंड बाजूचा थर्मोकपल पाण्यात नको, हवेत. पाणी ३५ दाखवतंय म्हणून खूश असणाऱ्यांची हवा ९० असते.

लोखंडी_कढई
जाता जाता: मद्रासमध्ये १९८० च्या दशकात भाताच्या भुशावर चालणारं ५ अश्वशक्तीचं स्टर्लिंग इंजिन बनत होतं, एसटी-५ नावाचं. तेही हवेवरच. तेव्हा थर्मोइलेक्ट्रिकचा मुद्दा मागे घेतो.

चिपाड
जाळी मागवतो आहे. दुकानदार म्हणतो १०० मेशमध्ये ०.१ ची तार नाही, ०.११२ आहे. चालेल?

उष्मांक
चालेल. पोकळी ६५ टक्क्यांवर येते आणि चकती ०.२२४ मिमी जाड, म्हणजे ३२ मिमीत १६० ऐवजी १४३. दाबाची घट थोडी वाढेल. ८० मेश, ०.१२ ची तार मिळाली तर ती घ्या: ७० टक्के, ०.२४ मिमी, १३३ चकत्या. कापायलाही कमी.

नटबोल्ट
आणि घासणी?

चिपाड
परत ओट्यावर.